खरी प्रत

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला एका शब्दाची फार धास्ती असते: ‘खरे’. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारायचा नाही, मग गिऱ्हाईक साहेबांचा मेहुणा का असेना! आता असल्या माणसाने ईस्टरच्या मध्यरात्री ग्रीक चर्चमध्ये काय करावे?

आमची ताई मेलबर्नला असते. सासर ग्रीक. 2025 च्या एप्रिलात आम्ही सहकुटुंब तिच्याकडे गेलो. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे ख्रिस्ती ईस्टर वेगवेगळ्या हिशोबाने काढतात. 2024 साली एकाचा 31 मार्चला, तर दुसऱ्याचा 5 मे ला! 2025 मध्ये मात्र दोन्ही खाती 20 एप्रिलला टॅली झाली.

आदल्या रात्री चर्च खच्चून भरलेले. बाराच्या सुमारास दिवे मालवले. मग आतून पाद्रीबाबा एकच ज्योत घेऊन आले. पुढच्यांनी तिच्यावर मेणबत्त्या पेटवल्या, त्यांच्यावर मागच्यांनी. बघता बघता उजेड आमच्यापर्यंत पोचला. व्याज नाही, तारण नाही, आणि देणाऱ्याची शिल्लक जशीच्या तशी! बी. कॉम.ला हे काही शिकवले नव्हते.

मग जो तो शेजाऱ्याला म्हणू लागला, ‘ख्रिस्तोस आनेस्ती’, म्हणजे ख्रिस्त उठला. उत्तर ठरलेले: ‘अलिथोस आनेस्ती’, खरोखर उठला. ताईच्या सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेलेले. हातात मेणबत्ती, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, ‘ख्रिस्तोस आनेस्ती.’

आली का पंचाईत! मूळ प्रत काही मी पाहिलेली नाही. तरी मी म्हटले, ‘अलिथोस आनेस्ती.’

घरी कोकराच्या काळीज-आतड्यांचे लिंबू घातलेले सूप पुढे आले, तेव्हा बायकोने हळूच विचारले, “अहो, घरच्या देवालासुद्धा तुम्ही ‘बघू’ म्हणता. मग मघाशी खोटं बोललात का?”

प्रश्न रास्त होता. संक्रांतीला आपण साहेबांनाही ‘गोड बोला’ म्हणतो, पण ती झाली इच्छा. ‘खरोखर’ हे विधान आहे. मात्र फसवणुकीला कुणीतरी फसावे लागते. मी कोण, माझा देव कुठला, हे सासूबाईंना पक्के ठाऊक होते.

आणि कागदावर सही करणारे दोन प्रकारचे असतात. साक्षीदार म्हणतो, ‘मी पाहिले.’ जामीनदार म्हणतो, ‘मी यांच्यामागे उभा आहे.’ सासूबाईंनी मला साक्षीला बोलावलेच नव्हते. अंधारात त्यांच्या बाजूला कुणीतरी उभे असावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

पण जामीनकी फुकट नसते, हे बँकवाल्याला कुणी सांगायला नको. हप्ता थकला की नोटीस आपल्याला! उद्या म्हातारीचा अवेळी फोन आला, तर ‘मी नुसता रिवाज पाळला हो’ असे म्हणायची सोय मला उरलेली नाही. आमचे दोघांचे इंग्रजी सारखेच मोडके, तरी फोन घ्यायचा. नाही घेतला, तर मात्र त्या रात्रीची माझी सही खोटी.