कदर आणि हक

हुनर ओळखला की हुनरमंदाचा हक अदा झाला, असे आपण मानून चालतो. ते कितपत खरे? इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आयव्हज गाव आहे. तिथल्या आल्फ्रेड वॉलिसची (१८५५-१९४२) हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

वॉलिस तारुण्यात समुद्रावर राबला, पुढे भंगाराचा धंदा केला. १९२२ मध्ये पत्नी वारली. एकटेपणा घालवायला त्याने सत्तरीच्या सुमारास कुंचला धरला. ना उस्ताद, ना सनद. दुकानातले टाकाऊ पुठ्ठे आणि बोटींना लावायचा रंग, एवढेच साहित्य. मनात जे जहाज मोठे, ते चित्रातही मोठे. वाफेच्या बोटींनी हटवलेली शिडाची जहाजे त्याने आठवणीतून जपली. रविवारी मात्र बायबल वाचायचे, रंगाला हात लावायचा नाही.

१९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे तरुण चित्रकार त्याच्या उघड्या दारापाशी थबकले. बोलबाला झाला. जिम ईड टपालाने चित्रे मागवीत. किंमत आकारानुसार एक, दोन वा तीन शिलिंग. आज ती केंब्रिजच्या केटल्स यार्डमध्ये मानाने लावलेली आहेत. वॉलिस मात्र मॅड्रनच्या गरीबखान्यात वारला. स्नेह्यांनी तिथेही रंग पोचवले. कबरीवर बर्नार्ड लीचने दीपगृहाचे चित्र असलेल्या फरशा बसवल्या.

कोणी म्हणेल, किंमत ठरलेली होती, बाजारातही तेव्हा भाव नव्हता. दोन्ही खरे. पण या मंडळींजवळ बाजाराहून मोठी नजर होती. त्याच्या चित्रांपासून ती स्वतः शिकली. ज्याला मोल कळते, त्याची जबाबदारी वाढते. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना देतो. ती मजुरी पुरेशी आहे का, हे कोणी पाहायचे?

दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने शाळा तपासणीसाठी सगळे तक्ते रंगवले. साहेब खूश झाले, आम्ही शाबासकी दिली. पुढच्या वर्षी घरच्या अडचणीमुळे त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. नाव आम्हीच लाल शाईने खोडले. घरी जाऊन विचारपूस केली नाही. तक्ते अजून भिंतीवर आहेत.

कदर केल्याने आपले मन भरते. हक अदा करायला घराबाहेर पडावे लागते.