भिंतीवरचे नाव



सुट्टीत आपल्यापैकी काही कुटुंबे अजिंठ्याला जातील. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ वाघूर नदीच्या दरीतल्या रानात या लेण्यांपर्यंत पोहोचला. त्याने लेणी 'शोधली' असे आपण म्हणतो. पण आसपासच्या लोकांना ती आधीच ठाऊक होती. दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने आपले नाव कोरले.

सोळाव्या लेण्याच्या भिंतीवरही एक नाव आहे : वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. ते मात्र आपल्याला खुपत नाही. का बरे?

कोणी म्हणेल, ते जुने आहे म्हणून. पण वय वाढल्याने चूक बरोबर ठरत नाही. वराहदेवाने आधी ते लेणे खोदवून भिक्षूंना दान दिले. नाव त्या दानाची साक्ष आहे. स्मिथचे नाव 'मी आलो होतो' एवढेच सांगते, आणि तेही दुसऱ्याच्या कामावर.

पण छिन्नी चालवणाऱ्यांचे, रंग भरणाऱ्यांचे काय? त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. चर्चमधील बाकावर, पंख्यावर देणाऱ्याचे नाव असते. रंधा मारणाऱ्या सुताराचे नसते. दात्याचे नाव लिहिणे पाप नव्हे. पण नाव लागणार नसेल, तरीही मी देईन का? हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

अजिंठ्याला पाहुण्यासारखे जा. जे आहे ते पुढच्या पाहुण्यासाठी तसेच ठेवून या.