हत्यार आपलं, युक्ती कुणाची?

जर्मनीतल्या हँगरमध्ये महागडा पुलर पाहिला की आपल्यातला मेकॅनिक म्हणतो, "हा तर मी लेथवर करीन." विकणार नाही, मग चोरी कसली? जर्मन पेटंट कायद्याचं कलम 9 मात्र बनवणं आणि वापरणंही हक्कदाराकडेच ठेवतं. कलम 11 ची सूट खासगी, बिगरधंदेवाईक वापराला आहे, वर्कशॉपच्या कामाला नाही.

मला हे रास्त वाटतं. पेटंट हा सौदा आहे: शोधकाने युक्ती उघड सांगायची, बाकीच्यांनी जास्तीत जास्त 20 वर्षं थांबायचं. मुदत संपली की ती सर्वांची. मग खुशाल बनवावं. युरोपचा पार्ट-145 नियम तरीही उरतोच: उत्पादकाने ठरवून दिलेल्या हत्याराला पर्याय वापरायचा तर मंजूर पद्धतीनेच. पेटंट शोधकाचा हक्क राखतं, हा नियम प्रवाशाचा जीव. हातातलं कसब या दोन्हींपेक्षा मोठं नाही.