सोबत आलेला माणूस

‘नागपूरला न्या’ असे डॉक्टर म्हणाले, की गोंदिया जिल्ह्यातल्या घरात पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा लगेच येतो : सोबत कोण जाणार?

सिकलसेलचा रुग्ण असलेल्या घरी हा प्रश्न एकदा सुटून संपत नाही. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. अतिश्रम, गारठा, ताप, अंगातले पाणी कमी होणे, यांतले काहीही निमित्त पुरते. रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, ही निमित्ते एकत्र येतात. दिवसभर बांधीत ओणवे राहायचे, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. धानाच्या या मुलखात हातात मजुरी पडण्याचे दिवसही तेच. देवरी-सालेकसाकडच्या आईने मुलाच्या उशाशी बसावे की रोवणीला जावे? तिने काहीही ठरवले तरी तिला दोष देण्याचा अधिकार मला कोणाकडेच दिसत नाही.

नागपूरचा केवढा तरी भाग बाहेरगावच्या आजारपणावर उभा आहे. मेडिकल म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाभोवतीच्या औषधांच्या दुकानांत, खानावळींत विदर्भाबरोबर मध्य प्रदेश-छत्तीसगडची बोलीही ऐकू येते. धंतोलीत बंगल्यांच्या जागी दवाखाने आले. गर्दी आणि वाहनांनी त्रासलेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. त्यांचा त्रास खरा आहे. पण ज्याला आपण गर्दी म्हणतो, तो रात्रीच्या गाडीने आलेला कोणाचा तरी काका असतो. हातात पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट, आणि रक्त कुठे मिळेल हे विचारायला ओळखीचे कोणी नाही.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय झाली. तरी नागपूरची वाट पुरती सुटलेली नाही. सिकलसेलच्या रुग्णाला एसटी प्रवासात सवलत मिळते. सोबत्याची बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच कागदावर चढत नाही.

ती सरकारने भरून द्यावी, अशी मागणी आपण केलीच पाहिजे. तोवर गावात एक गोष्ट करता येईल. रोवणीत एकमेकांच्या बांधीत राबण्याची सवय आपल्याकडे आहेच. त्यात रुग्णाचे घरही धरावे. एकाने सोबत जावे, बाकीच्यांनी त्याच्या वाट्याची रोवणी उरकावी, आणि त्या दिवसांची मजुरी त्याच्या घरी पोचती करावी.