न दिसणारे दुखणे

मराठीत ‘पोटदुखी’ म्हणजे मत्सर आणि ‘डोकेदुखी’ म्हणजे कटकट. खऱ्याखुऱ्या दुखण्यांची नावे आपण थट्टेत वापरून गुळगुळीत केली आहेत. म्हणून ज्याचे डोके खरोखरच दुखते, त्याचे सांगणे आपल्याला निमित्त वाटते. मोडलेल्या पायाला प्लास्टर असते, तापाला थर्मामीटर असतो. अर्धशिशीला मात्र साक्षीदार नसतो. कळव्याहून सकाळची गर्दीची लोकल पकडणारी बाई ‘आज डोके उठले आहे’ म्हणाली, तर घरचे तिच्या चेहऱ्याकडे पाहतात. आणि चेहरा तर नेहमीसारखाच असतो.

अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. त्या काळात उजेड आणि आवाज सोसवत नाही, मळमळते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हा विकार तर याहून क्रूर. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मज्जातंतू बहुधा तिच्या मुळाशी रक्तवाहिनीने दाबली जाते. मग वाऱ्याची झुळूक, दात घासणे किंवा भाकरीचा एक घास एवढ्यानेही विजेसारखी कळ चेहऱ्यात उठते. दाताचे दुखणे समजून कित्येकांनी चांगले दात काढून घेतले आहेत.

अशा माणसाला आपण श्रद्धावंत काय सांगतो? ‘प्रभूने क्रूसावर केवढे सोसले! तूही सोस, देवाला अर्पण कर.’ हे सांगणे धर्माला धरून आहे काय?

कोणी म्हणेल, संत मार्कच्या शुभवर्तमानात येशूने बोळमिश्रित द्राक्षारस नाकारला, वेदना बोथट करून घेतली नाही. खरे आहे, परंतु तो नकार त्याने स्वतःपुरता दिला. त्याच्याकडे आलेल्या आजाऱ्याला ‘सोस’ म्हणून त्याने परत पाठवल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. त्याने त्यांना बरे केले. आणि क्रूसावर तहान लागल्याचे त्याने उघड सांगितले. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा स्वीकारला, पण तो दूर व्हावा म्हणून आधी तीनदा विनवणी केली. सुटकेची इच्छा म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांशी बोलताना पोप बारावे पायस यांनी वेदनाशमनाचे उपाय वापरण्यास नैतिक आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर प्रेषितपत्र लिहिले. त्यात दुःखाच्या तारणदायी अर्थाबरोबरच दयाळू शोमरोन्याचे उदाहरण आहे. त्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला उपदेश केला नाही; जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. दुःख अर्पण करणे ही दुखणाईताची स्वतःची प्रार्थना आहे. ती त्याच्यावतीने दुसऱ्याने ठरवायची नसते. शेजाऱ्याच्या वाट्याला येते ते शोमरोन्याचे काम. आणि त्या कामाची पहिली पायरी म्हणजे विश्वास ठेवणे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना हेच नमूद केले : माणसाने सांगितलेल्या वेदनेचा आदर राखावा.

अर्थात सुटका म्हणजे गोळ्यांची चळत नव्हे. ज्याला मुळात डोकेदुखी आहे, त्याने साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ वा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. झटक्याची तारीख, झोप, जेवण आणि घेतलेल्या गोळ्या वहीत मांडून डॉक्टरांना दाखवाव्यात. कळव्यातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. अचानक उठलेली अभूतपूर्व वेदना, तापासह ताठलेली मान, वाकडे झालेले तोंड किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांना तर क्षणाचाही विलंब लावू नये.

काही दुखणी उपचारांनंतरही उरतात. तेव्हा खोलीतला दिवा मालवणे, रेडिओ बंद करणे, तिच्या वाटणीची भांडी मुकाट्याने घासणे, एवढे घरच्यांच्या हाती असते. तिचा क्रूस आपल्याला खांद्यावर घेता येणार नाही. पण तो खोटा आहे असे म्हणून त्याचे वजन वाढवू नये, एवढे तरी आपण तिचे देणे लागतो.