मुक्या जिवाच्या वतीने

ज्या जिवाला आपलं दुखणं सांगता येत नाही, उपचाराला हो किंवा नाही म्हणता येत नाही, त्याच्या अंगाला सुई, चिमटा किंवा सुरी लावायचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? जनावरांचा डॉक्टर व्हायला निघालेल्या प्रत्येक मुलामुलीने या प्रश्नाशी एकदा तरी थांबलं पाहिजे, असं माझं मत आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी उभी नोकरी गोठ्यांतून गेली. आता फुलसावंगीला घरी असतो आणि पुतण्याच्या मुलीला या वाटेवर सोबत करतो. ती अकरावी सायन्सला आहे. नीटची पुस्तकं तिची ती वाचते, गोठ्यात मी नेतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गोठ्यात एका गोऱ्ह्याचं खच्चीकरण होतं. चौघांनी दोर टाकून त्याला अलगद आडवा केला, पाय बांधले. डॉक्टरांनी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि ते लागू पडेपर्यंत शांत बसून राहिले. मग बोटांनी आतली शीर चाचपून एका कडेला घेतली आणि बर्डिझोचा चिमटा मिटला. या चिमट्याने कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, आतली शीर तेवढी चिरडली जाते. दुसऱ्या बाजूचा चिमटा त्यांनी जरा खाली लावला. दोन्ही दाब एका रेषेत आले तर खालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. गोऱ्हा एकदाच हंबरला. पोरगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबाजी, त्याले कोनी इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं, आणि विचारता येणारही नव्हतं. शिवाय हे काम गोऱ्ह्याच्या भल्याचं नव्हतंच. तो उद्या जुवाखाली निमूट चालावा, ही गरज माणसाची होती. मी तिला हेच सरळ सांगितलं. फायदा आपला आणि वेदना त्याची, असा व्यवहार जिथे होतो तिथे ती वेदना कमीत कमी राखणं हे आपल्यावरचं ऋण आहे. पूर्वी याच कामासाठी गोऱ्हे दगडाने ठेचत. काम तेच, पण बधिर करायची सुई आणि शिरेची नेमकी जागा ओळखणारं बोट, एवढ्याने ते ऋण थोडंफार फिटतं. ही दोन्ही शिकूनच येतात.

जनावरांवर जीव आहे म्हणून मला डॉक्टर व्हायचंय, असं मुलं म्हणतात. ते खरंच असतं. पण नुसत्या मायेने जनावराचे किती हाल होतात, तेही मी पाहिलं आहे. आजारी बैलाला तापलेल्या विळ्याने डाग देणारे हात मायेचेच असत. गाय फुगली की बांबूच्या नळीने तिच्या घशात तेल ओतणारेही तिच्यावर जीव टाकणारेच. मान फार उंच केली, जीभ धरून ठेवली, की गायीला नीट गिळता येत नाही. तेल श्वासनलिकेत उतरतं आणि पोटफुगीतून वाचलेली गाय फुफ्फुसाच्या आजाराने जाते.

आणि मायेचा परिणाम गोठ्याच्या बाहेरही पोचतो. लंगड्या, तापलेल्या जनावराला आराम पडावा म्हणून डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जाई. अशी जनावरं मेल्यावर गिधाडं ती खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. काही जातींची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. कारण हाती आल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर ते टोचणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात पाप नव्हतं. म्हणून मी मुलीला सांगतो की रसायनशास्त्राचं पुस्तक हे दयेचंच पुस्तक आहे, ते कंटाळून बाजूला सारू नकोस.

आपल्याकडे मुक्या जिवांबद्दलच्या विचाराची परंपरा मोठी आहे. पैनगंगेपलीकडचं माहूर आम्हाला जवळ, आणि महानुभावांचं ते मोठं स्थान. चक्रधरस्वामींची सशाची गोष्ट या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. शिकाऱ्याच्या कुत्र्यांपुढे जिवाच्या आकांताने पळणारा ससा स्वामींच्या आश्रयाला येतो. शिकारी मागतात, पण शरण आलेला जीव स्वामी परत देत नाहीत. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट दयेचं एक रूप मनात पक्कं करते: वाचवणं.

दयेचं दुसरं रूप अवघड आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. ते वाचण्यासारखं नाही, हे जाणकाराकडून कळल्यावर गांधीजींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि डॉक्टरकरवी त्याला विषाचं इंजेक्शन देवविलं. ते स्वतः तिथे हजर होते. अहिंसेच्या पुजाऱ्याने वासरू मारलं म्हणून संतापाची पत्रं आली. गांधीजींनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त उघड उत्तर दिलं: स्वार्थ नसताना, केवळ त्या जिवाची वेदना संपवण्यासाठी उचललेलं पाऊल ही अहिंसाच असू शकते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हे मान्य केलं आहे की जनावराला जिवंत ठेवणंच क्रूर ठरेल अशी वेळ येऊ शकते.

मग ससा खरा की वासरू? मुलीने हे विचारलं तेव्हा मी तिला व्यालेल्या गायीचं उदाहरण दिलं. चांगल्या दुधाची गाय व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत अचानक बसते. कान गार पडतात, मान कुशीकडे वळते, डोळे निस्तेज होतात, हाक मारली तरी कान हलत नाही. घरातल्या बाया रडू लागतात. म्हातारी माणसं म्हणतात, आता हिला सोडवा. तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, एवढंच. शिरेतून सावकाश, काळजाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून कॅल्शियमची बाटली दिली की बहुतेक गायी थोड्या वेळात ढेकर देतात, शेण टाकतात आणि उठून उभ्या राहतात. अडाणी डोळ्याला ही गाय आणि आश्रमातलं ते वासरू सारखंच दिसेल. आशा संपली असं म्हणायचं तर आशा कुठवर असते हे आधी माहीत लागतं. वाचवायचं की सोडवायचं, हा धर्माचा प्रश्न खराच, पण त्याचं उत्तर द्यायला बसण्याची पात्रता तपासणीतून येते.

तिच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. मुक्या जिवाच्या वतीने ठरवायचा अधिकार जन्माने मिळत नाही, मालकीने मिळत नाही, आणि नुसत्या कळवळ्यानेही मिळत नाही. तो अभ्यासाने कमवावा लागतो आणि प्रत्येक जनावरापुढे पुन्हा नव्याने कमवावा लागतो.

यात दावं धरून उभा असलेला माणूस विसरून चालत नाही. आमचा यवतमाळ जिल्हा कापूस-सोयाबीनचा, बहुतांश कोरडवाहू. पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल बसला तर घराचं वर्ष बसतं. डॉक्टर औषध लिहितो तेव्हा शेतकरी मनात खिसा चाचपत असतो. महागडं औषध एकच वाट म्हणून सांगणारा, आणि खर्च नको म्हणून जनावराचं दुखणं दडपणारा, दोघेही चुकतात. मालकाशी खरं बोलावं, त्याला परवडेल अशी वाट शोधावी, पण मनातली बाजू जनावराचीच धरावी. तिथे जमलेल्यांत बोलता येत नाही असं ते एकटंच असतं.

तयारीचं म्हणाल तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, मग नीट, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचं. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही महाविद्यालयं आहेत, आणि ही सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. ही माहिती कुठेही मिळते.

गोठ्यातली तयारी मात्र घरच्यांनीच करून घ्यायची असते. मी मुलीला आधी निरोगी जनावर पाहायला लावतो. नाकपुडी ओलसर आहे का, रवंथ चालू आहे का, शेण कसं पडलं. डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवायची आणि वाट पाहायची. मिनिटाभरात आतून एक-दोनदा लाट येऊन मूठ उचलली जाते. तो पोटाचा चालता कारभार. ही लाट हाताला ओळखीची झाली की ती थांबलेली लगेच कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, ते काम आता तिच्याकडे आहे. शेकताना बोटांनी जू घासल्याची जखम, सूज, गाठ शोधायची आणि लिहून ठेवायची. पूजा आणि तपासणी एकाच हाताने होते, आणि मला त्यात काहीच विसंगत दिसत नाही.

घरातली पोरगी किंवा पोरगा ढोरांचा डॉक्टर व्हायचं म्हणाला तर आईबापांनी नाक मुरडू नये, आणि प्राणी फार आवडतात म्हणून नुसती शाबासकीही देऊ नये. त्याला गोठ्यात न्या. व्याणं दाखवा, जखम धुणं दाखवा, आणि मरणही दाखवा. तिथून परत आला की पुस्तकापुढे बसवा. त्या पुस्तकातलं एखादं पान न वाचताच उलटलं, तर त्याची किंमत पुढे कुठल्या तरी मुक्या जनावराला मोजावी लागते.