दहाव्या दिवशीचे आडनाव

विश्रांतवाडी सोडून आळंदीच्या रस्त्याला लागले की दिघीचा लष्करी परिसर, मग चऱ्होली फाटा, मग आळंदी आणि थोडे पुढे मरकळ. मरकळच्या ‘धम्मानंद’ केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे चालतात. फी नसते. त्यामुळे भोसरीच्या एमआयडीसीतला कामगार, निवृत्त सुभेदार आणि वाकडचा संगणक अभियंता एकाच सभागृहात मांडी घालून बसू शकतात. पहाटे चारला घंटा होते. दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक असते आणि जेवल्यावर आपापले ताट आपणच धुवायचे असते. उष्ट्याखरकट्यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात नळापाशी लागलेली ही रांग किरकोळ नव्हे. शिवाय सगळ्यांचे आर्य मौन, म्हणजे कोणी कोणाला नाव विचारायचे नाही. दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावना झाली की मौन सुटते. अंगणात घोळके जमतात, गुडघे किती दुखले याची हसतखेळत चौकशी होते आणि लवकरच ओळखीचा प्रश्न येतो : “पूर्ण नाव काय तुमचं?” आडनावावरून अंदाज लागला नाही, तर “मूळ गाव कुठलं?” आणि तरीही नाही लागला, तर जरा आवाज खाली आणून “म्हणजे, कोणाच्यातले?”

विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. पण हा प्रश्न अंगणात येतो, हे ध्यानाच्या संस्थांनी पाहायचे टाळले आहे. ‘इथे जात नाही’ एवढे म्हटले की काम भागते, असे मानले गेले. माझे म्हणणे असे की साधकांच्या समूहात जातीबद्दल बोलायला ठरलेली, नियमित जागा हवी. ही मागणी राजकारणातून आयात करावी लागत नाही. ती खुद्द विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमग्रंथात सापडते.

अमेरिकेतल्या बौद्ध ध्यानकेंद्रांत हाच वाद वंशाच्या नावाने चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ईस्ट बे मेडिटेशन सेंटरसारख्या ठिकाणी कृष्णवर्णीय व इतर अश्वेत साधकांच्या वेगळ्या बैठका होतात, त्या ‘आपण सगळे एकच’ या वाक्याखाली आपला अनुभव दडपला जातो, या तक्रारीतून. तिकडचा धडा इकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्ट मांडले होते : जातिव्यवस्था एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक विभागणी करते. ध्यानाच्या सभागृहात या भेदाचा परिणाम थेट दिसतो. रंग तोंड मिटले तरी दिसतो, जात बहुधा तोंड उघडल्यावर कळते. म्हणून मरकळचे मौन दलित साधकाला खरोखर विसावा देते. आयुष्यात पहिल्यांदा सलग नऊ दिवस कोणी त्याला ‘कोणाच्यातले’ विचारत नाही. पण हा विसावा लपून राहण्याचा आहे. दहाव्या दिवशी तो संपतो आणि तेव्हा हातात काहीच नसते.

यावर शिबिरपक्षाचा आक्षेप सरळ आहे. गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन भारतात आले, ती कोणत्याही संप्रदायाची नाही या भूमिकेतून. क्रोध हिंदूचा किंवा मुसलमानाचा नसतो, तसे औषधही कोणा एकाचे नसावे. मग जातीचा विषय काढून मनात नवी गाठ कशाला बांधायची? आक्षेप प्रामाणिक आहे, पण विपश्यनेच्याच सिद्धांतावर तो टिकत नाही. प्रत्येक संस्कार शरीरावर संवेदना होऊन उमटतो, असे तिथे शिकवतात. आडनाव विचारल्यावर छातीत येणारी कळ आणि उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर येणारी ताठरता, या संवेदना नव्हेत तर काय? दुपारी सहायक आचार्यांना भेटून पाठदुखीबद्दल विचारता येते, मग या दुखण्यालाच साधनेबाहेरचे का ठरवायचे? शेजारी बसून भेद मिटत नाहीत, हा अनुभव याच रस्त्याचा आहे. दिघीवरून दरवर्षी ज्ञानोबांची पालखी जाते. त्या वारीत चाललेल्या इरावती कर्वे यांनी लिहून ठेवले आहे की बरोबर चालणारी, बरोबर अभंग म्हणणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला मात्र वेगवेगळी बसत. निदान मरकळला पंगत एक आहे, हे मान्य. अडचण पंगतीनंतरची आहे.

विनयातली एक कथा या वादात कोणी काढत नाही, याचे मला नवल वाटते. महावग्गात कोसलदेशच्या काही भिक्षूंची हकिगत येते. पावसाळ्याचे तीन महिने भांडणतंटा न होता जावेत म्हणून त्यांनी एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. भिक्षेहून आधी परतेल त्याने आसने मांडायची, शेवटी येईल त्याने झाडलोट करायची, पाण्याचे मडके एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचे, पण शब्द काढायचा नाही. वर्षावास संपवून ते श्रावस्तीला आले आणि आम्ही मोठ्या एकोप्याने राहिलो असे बुद्धांना म्हणाले. बुद्धांनी त्यांची पाठ थोपटली नाही. हे तर जनावरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहणे झाले, अशा शब्दांत त्यांना फटकारले, असल्या मूकव्रताला बंदी केली आणि त्याच प्रसंगी प्रवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघासमोर हात जोडून विनंती करायची : माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा, पटले तर सुधारेन. दहा दिवसांच्या शिबिरातले मौन आणि हे मूकव्रत एक नव्हेत, हे उघड आहे. ते शिक्षणापुरते आहे आणि असावे. पण मौन संपल्यावर प्रवारणा येते, हा क्रम आपण अर्धाच उचलला.

चुल्लवग्गातली उपालीची कथा त्याहून नेमकी आहे. अनुरुद्ध, आनंद, देवदत्त वगैरे शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली. कुमारांनीच बुद्धांना विनवले की आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत. आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा ताठा उतरेल. संघात जात नाही असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. आपला ताठा त्यांनी नाव घेऊन सांगितला आणि मग रांग उलटी लावून घेतली. बोलले कोण, तर ज्यांचा ताठा होता ते.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, आणि तो अधिक जड आहे. आंबेडकरी चळवळीतले अनेकजण ध्यानाकडेच संशयाने पाहतात : अन्यायावर डोळे मिटायला लावणारी ही गुंगी आहे, जखम जातीने केली तर इलाज कायद्याने आणि संघर्षाने व्हावा. २९ सप्टेंबर २००६ला खैरलांजीत दलित कुटुंबाचे जे हत्याकांड घडले, त्यावर श्वास पाहणे हे उत्तर होऊच शकत नाही, याबद्दल दुमत नसावे. या परिसराचा वारसाही तसाच आहे. २५ डिसेंबर १९५४ला देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या तंट्यामुळे सिद्धार्थ घराबाहेर पडतो. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पण हाच युक्तिवाद ध्यानाला बाद करत नाही, तो ध्यानाला दुसऱ्या माणसासमोर आणून बसवतो. सभा, मोर्चा, जयंती यांत अन्यायाचा निषेध होतो. तो हवाच. मात्र वर्गात कॅटेगरी विचारली गेल्यावर मुलगी घरी येऊन गप्प का बसते, कंपनीत आडनाव गाळून नुसते पहिले नाव सांगण्याची सवय आतून काय कुरतडते, हे बोलायला मोर्चात जागा नसते आणि सभागृहात परवानगी नसते.

मधली वाट काढण्याचा एक प्रयत्न दिघीपासून फार लांब नाही. ६ डिसेंबर १९५६ला, बाबासाहेब गेले त्या दिवशी नागपुरात असलेले आणि शोकसभांतून बोललेले इंग्लंडचे भिक्षू संघरक्षित यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये भारतात त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम उभे राहिले. त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात राहिले आणि दापोडीचा महाविहार या कामाचे मोठे केंद्र झाला. तिथे ध्यान आणि आंबेडकरी विचार एकमेकांचे वैरी मानले जात नाहीत. दीक्षा घेतलेले धम्मचारी नवे, एकशब्दी नाव धारण करतात, आडनाव मागे राहते. उपाय सुंदर आहे, पण मला तो पुरा वाटत नाही. नाव बदलले तरी लग्नाच्या स्थळात पोटजात डोकावते, मातंग किंवा चर्मकार समाजातून आलेल्या बौद्धाला विहारात आपण पाहुणे आहोत असे वाटू शकते. म्हणजे हा प्रश्न सवर्ण साधकांपुरता नाही. पूर्वाश्रमीच्या महार बौद्धांनाही प्रवारणा लागू होते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : अशी चर्चा सुरू केली की पुन्हा दलितांनीच आपली दुःखे मांडायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. ही भीती अगदी रास्त आहे. वेगळ्या बैठकांची मागणी त्यातूनच येते आणि काही काळ त्या असल्या तर मला फूट दिसत नाही. दुखणाऱ्या माणसाला आधी आपल्यांत बोलावेसे वाटते. पण एकत्र बसायची वेळ आली की कसे बसावे, हे विनयाने ठरवून दिले आहे. प्रवारणेत जखमी माणसाला आधी उभे करत नाहीत. सुरुवात स्थविरापासून होते. सर्वांत ज्येष्ठ भिक्षू उत्तरीय खांद्यावर सावरतो, उकिडवा बसतो, हात जोडतो आणि माझे काही चुकले का, असे आधी विचारतो. मग वयाने नव्हे, दीक्षेच्या क्रमाने पुढचे. गावोगाव एकदिवसीय शिबिरे होतात, दर आठवड्याच्या सामूहिक साधना होतात. त्यांच्यानंतरचा अर्धा तास यासाठी ठेवता येईल. विपश्यनेच्या सभागृहात जुने साधक पुढच्या ओळीत बसतात. त्या अर्ध्या तासात पहिला प्रश्न त्या ओळीतून यावा आणि तो समोरच्याच्या आडनावाचा नसावा.